त्र्यंबकराव विचारपूस करायला येतात

आमच्या कचेरीत उशिरा आलेल्या माणसावर हेडक्लार्क त्र्यंबकराव कधी रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त कारण विचारत, शांतपणे ऐकून घेत आणि संध्याकाळी त्या कारणाला भेटायला आमच्या घरी येत.

हो, कारणाला भेटायला. सासरा आजारी म्हटलं की सासऱ्याला, म्हैस अडली म्हटलं की म्हशीला. "मानूस उगीच खोटं काहून बोलीन जी?" हे त्यांचं पालुपद. आता यावर काय बोलणार, कपाळ!

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि अमरावतीतली आमची कचेरी अकराला उघडे. अमरावतीकराचे अकरा म्हणजे बाराच्या अलीकडचं काहीही. सोमवारी साहेब मीटिंग बोलावत, तिलाही आम्ही दुसऱ्या पंगतीच्या बेतानं जायचो. शेवटी साहेबांनी त्र्यंबकरावांना फर्मावलं, "हे लोक वेळेवर आले पाहिजेत." दुसरा कोणी असता तर त्यानं रजा कापली असती, मेमो दिले असते. त्र्यंबकरावांनी लाल शाईच्या दौतीला बूच लावलं आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.

पहिला बळी देशमुख. "सायकल पंक्चर झाली जी," तो म्हणाला. संध्याकाळी त्र्यंबकराव सोल्युशन, कैची अन् रबराचे तुकडे घेऊन त्याच्या अंगणात हजर. घमेल्यात पाणी घेऊन दोन्ही ट्यूबा तासभर बुडवून पाहिल्या. "पंक्चर काही सापडून नाही राह्यलं, देशमुख. लपलं असन कुठं. उद्या पुन्हा पाहू." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आले! तिसऱ्या दिवशी देशमुखानं बाभळीच्या काट्यानं आपल्याच हातानं ट्यूब फोडून ठेवली, तेव्हा कुठं सुटला बिचारा.

जोशी मोठा वस्ताद. इतक्या लांब कोण मरायला जातंय, म्हणून त्यानं सासऱ्याला थेट अकोल्यात आजारी पाडलं. त्र्यंबकराव रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. सासरेबुवा ओट्यावर पत्ते पिसत बसलेले. "तुमाले लई बरं नाही म्हने?" त्र्यंबकरावांनी विचारलं. जावयानं आपल्याला किती महिन्यांपासून अंथरुणाला खिळवलंय, हे म्हाताऱ्याला तेव्हा कळलं. त्या दिवाळीला जोशी सासरी गेला नाही.

साहेबही सुटले नाहीत. एका सोमवारी स्वतःच अर्धा तास उशिरा आले आणि मडमेला ताप आहे म्हणाले. संध्याकाळी त्र्यंबकराव काढ्याची बाटली घेऊन बंगल्यावर उभे! मडमसाहेब टेनिस खेळत होत्या. पुढच्या सोमवारी साहेब आमच्या आधी टेबलाशी येऊन बसले होते.

आता माझं सांगतो, लपवून काय करू? मी तेव्हा टेम्पररी होतो. वर्ष संपलं की मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्र्यंबकरावांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि मी तर कुंभकर्णाचा सख्खा भाऊ. एकदा पाऊण तास उशीर झाला तेव्हा तोंडात आलं ते बोलून गेलो, "आई घसरून पडली. पाय मुरगळला."

संध्याकाळी ते निरगुडीचा पाला घेऊन आले. माझी मुरगळलेली आई स्टुलावर चढून शेवग्याच्या शेंगा तोडत होती.

"पाय कसा हाये, वहिनी?"

"कोनाचा पाय?"

मी दाराआडून हातवारे करून करून थकलो. आई माझी हुशार. म्हणाली, "हा होय! उजवा. ठनकते जी थोडासा." आणि लंगडत खाली उतरली. मग तिनं त्यांना जेवायलाच बसवलं. पातोडीचा रस्सा, गरम भाकर. त्र्यंबकरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वाफेकडे पाहत राहिले. "खानावळीत गार असते," एवढंच म्हणाले. त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुढं चार दिवस ते रोज पाय पाहायला येत राहिले. पाचव्या दिवसापासून मी पावणेअकरालाच कचेरीत.

दोन महिन्यांत अख्खी कचेरी सुतासारखी सरळ झाली. अकराचे ठोके पडायला आणि सगळे खुर्चीत असायला एकच गाठ. साहेब खूश. त्र्यंबकराव मात्र उतरत चालले. पाचला आम्ही पळायचो आणि ते टोक असलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक करत बसायचे.

एका संध्याकाळी ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली छत्री घेऊन उभे दिसले. मी म्हटलं, "इथं काहून उभे जी? चला ना घरी."

"नाही, सहज आलो होतो. घरी सारे बरे हायेत ना?"

"हो जी."

"मंग बरं हाय. सारं बरं असल्यावर उगीच काहून जावं कोनाच्या घरी?" ते म्हणाले आणि परत फिरले.

मला कसंसंच झालं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "मेल्या, तूच टायमावर जाऊन राह्यला ना! मंग त्या मानसानं जावं कुठं?"

नेमका तो आठवडा शेरे लिहायचा. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच कपडे करून मी ओट्यावर बसलो आणि अकरा वाजू दिले. नोकरी गेली तर काय खाणार, कपाशीच्या पऱ्हाट्या? सव्वाअकराला कचेरीत शिरलो. सगळ्यांच्या माना वर. त्र्यंबकरावांपुढं माझाच कागद होता आणि हातात टाक.

"काहून उशीर झाला जी?"

"आईचा पाय."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला. "संध्याकाळी येतो पाहाले."

शेऱ्यात काय लिहिलं ते मला पुढं कळलं. 'वेळेचा पक्का. आईचा पाय अधू.' कायम झालो. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आई पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दारातच बसली होती. त्र्यंबकराव आले, पाला ठेवला, चष्मा पुसला आणि पायाकडे निरखून पाहू लागले.

"वहिनी, मागं उजवा होता."

मेलो, म्हटलं मी. पण आई कसली डगमगते!

"होता. आता डावा दुखून राह्यला. काहून, दुखू नाही काय?"

त्र्यंबकराव हसले. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि न सांगता पाटावर जाऊन बसले.

"दुखू द्या, वहिनी," ते म्हणाले. "पन घाई नका करू. हा सावकाशच बरा होऊ द्या."