अण्णांचा अस्सल ब्रेक

फटफटीच्या ब्रेकला खोबरेल तेल लावू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दाराची बिजागरी कुरकुरली की तेल, विहिरीचा रहाट कुरकुरला की तेल. मग ब्रेकनेच काय पाप केलं होतं, असं मला वाटलं.

फटफटी आमचे शेजारी अण्णा यांची. जर्मन लढाईच्या आधीची, कुणा साहेबाने विलायतेला परत जाताना विकलेली. अण्णा सुपारीचे व्यापारी. चौलापासून अलिबागेपर्यंत वाड्यावाड्यांतून ते तिच्यावरून हिंडायचे. पेट्रोलचे डबे मुंबईहून बोटीने यायचे, म्हणून आमच्या आळीचा उतार लागला की अण्णा इंजिन बंद करत. गाडी मुकाट घरंगळत यायची आणि फाटकासमोर ब्रेक असा किंचाळायचा की माडावरचे कावळे उडायचे. वेळ नेमकी आमच्या वामकुक्षीची.

"त्या ब्रेकचं काहीतरी करा," असं आमची ही रोज म्हणायची. एके दिवशी मी केलं.

दुसऱ्या दुपारी ब्रेक किंचाळला नाही. गाडीही थांबली नाही. अण्णा अगदी शांत चेहऱ्याने स्वतःच्या फाटकावरून पुढे गेले, आमच्या फाटकावरूनही पुढे गेले आणि पेंढ्याच्या उडवीत शिरले. मी धावलो. अण्णा पेंढ्यात बसून ब्रेकचा ठोकळा बोटाने चोळत होते. बोट त्यांनी नाकाशी नेलं.

"खोबरेल," ते म्हणाले. "पण अस्सल. तुमच्या घाण्याचं ना?"

'अस्सल का?' हा अण्णांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. कोळणीला पापलेटाबद्दल, लग्नात वाढप्याला तुपाबद्दल. एकदा तर भर पूजेत त्यांनी भटजींना गंगाजलाबद्दल विचारलं. "विहिरीचं आहे हो, अण्णा," भटजी पुटपुटले. "मग तसं म्हणा," म्हणून अण्णा ते भक्तिभावाने प्यायले.

फटफटीच्या बाबतीत तर विचारूच नका. एका अस्सल नट-बोल्टासाठी त्यांनी अख्खा पावसाळा गाडी गोठ्यात उभी ठेवली होती. "खाऱ्या वाऱ्यात सगळंच गंजतं. पण गंजणारं तरी अस्सल हवं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दर रविवारी ब्रेकचा ठोकळा काढायचे, काचकागदाने घासायचे, पुन्हा बसवायचे. मग चाक फिरवून ब्रेक दाबायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. पसंत पडलं नाही की पुन्हा घासायचे. तंबोरा लावणाऱ्यालाही एवढी चिकाटी नसेल.

माझ्या तेलाने तो ठोकळा कामातून गेला. अण्णांनी तो उन्हात वाळवला, राखेत पुरून ठेवला. काही उपयोग झाला नाही. ती गाडी बनवणारी कंपनीही कधीच बंद पडलेली. मला वाईट वाटून मी चपला शिवणाऱ्या धाकूकडून जाड चामड्याचा ठोकळा करून आणला. "यानं रेडा बी थांबल, भाऊ," धाकू म्हणाला होता. आणि खरंच, गाडी उतारावर लोण्यासारखी थांबली. आवाज नाही, काही नाही.

आठवड्याने पाहतो तर अण्णांनी ठोकळा काढून ठेवलेला. "अस्सल नाही," एवढंच म्हणाले आणि पायीच बाजाराला गेले.

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी तावातावाने त्यांच्या घरी गेलो. ओटीवर यमुनावहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांची दृष्टी काचबिंदूने गेलेली. खडे बोटांनीच शोधायच्या.

"ब्रेक चांगला लागतो, तरी हट्ट का?" मी वहिनींनाच विचारलं.

"लागतो हो भावजी," त्या हसून म्हणाल्या. "पण ते आलेले मला कळत नाहीत. तो किंचाळला की मी चहा टाकायचे. वाटेतल्या खिंडीतून सुखरूप आले, हेही तेव्हाच कळायचं. आता हे एकदम समोर येऊन बोलतात आणि माझ्या छातीत धस्स होतं."

"भोंगा वाजवू देत की."

"वाजवला. पण उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचा भोंगाही तसाच. त्या दिवशी मोटारीसाठी चहा टाकून बसले."

अण्णा बाजारातून येऊन पायरीशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाकूचं चामडं थांबवतं झकास. पण मुकं आहे हो."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघे रेवसहून बोटीने मुंबईला गेलो. भंगाराची दुकानं धुंडाळली. अण्णा प्रत्येक ठोकळा नखाने वाजवून परत टाकत. शेवटी एका बोहऱ्याच्या दुकानात, मोडक्या शिवणयंत्रांखाली, त्याच जातीच्या गाडीचं मागचं चाक सापडलं. ब्रेकसकट. अण्णांनी खिशातला रुमाल काढून ठोकळा पुसला.

"अस्सल का?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात त्यांना विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शेठ, एटलो जूनो माल नकली कोण करेल?" बोहरी म्हणाला.

तो रविवार घासण्यात गेला. सोमवारी दुपारी मी पडलो होतो, डोळा लागतच होता. उतारावरून ती किंकाळी आली. कावळे उडाले. पलीकडे वहिनींच्या स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

मी भीतभीत हिच्याकडे पाहिलं. ही जागीच होती. कूस बदलून म्हणाली, "तुम्हीसुद्धा बाजारातून येताना फाटकाशी जरा खोकत जा."