स्थळपाहणीचं कार्ड

घरासाठी कर्ज काढायचं, पण मधे दलाल घालायचा नाही, असं पुंजारामने ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ब्याऐंशी सालची गोष्ट. पुंजाराम देवळाली कॅम्पात एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. शिक्षण चौथी. पण कुठला नट कुठल्या पान्याने सुटेल ते तो डोळे मिटून सांगायचा, आणि जगातल्या बाकीच्या गोष्टीही अशाच सुटतात अशी त्याची समजूत होती. नाशिकरोडच्या पलीकडे त्याने प्लॉट घेतला होता. पगारातून भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब मात्र पगारात बसेना. जूनच्या आत स्लॅब पडला नाही तर भिंतींचं काही खरं नव्हतं.

बँकेबाहेर लिंबाखाली झुंबर बसायचा. जागा, कर्ज आणि लग्न, तिन्ही जमवून द्यायचा. कर्जाला दोन टक्के, लग्नाला पोशाख.

"झुंबरला धरा," त्याची बायको मालनबाई म्हणाली. "तुम्हाला साहेब लोकांशी बोलता येत नाही."

"मी रोज बोलतो साहेबांशी."

"बोलता कुठं? भांडता."

"माझं घर, माझं कर्ज. मधे झुंबर कशाला?"

मालनबाई गप्प बसली. (ती गप्प बसली की आपण जिंकलो असं पुंजारामला वाटायचं. बावीस वर्षं तो असाच जिंकत आला होता.)

तो एकटाच बँकेत गेला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला. "स्थळपाहणीला माणसं येतील. मग पुढचं."

"कधी?"

"कळवू."

तीन आठवडे गेले. एका बुधवारी कार्ड आलं. पुंजारामने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

'येत्या गुरुवारी अकरा वाजता स्थळ पाहण्यास तिघे येत आहोत. कळावे. कारभारी, सायखेडा.'

पुंजारामची छाती फुगली. साधा शिपाई नाही, बँकेचा खुद्द कारभारी येणार! तोही पार सायखेड्याहून. आणि पाकीट नाही, पंधरा पैशांचं कार्ड. बँक काटकसरी दिसत होती. त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. काम फत्ते झालं की मगच मालनबाईच्या तोंडावर कागद टाकायचा, असा बेत होता.

गुरुवारी त्याने रजा टाकली. मुलगी लता वीस वर्षांची. तिला सकाळीच बादली देऊन प्लॉटवर भिंतींना पाणी मारायला पाठवलं. स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. अकराला तिघं आले. पांढरी टोपी घातलेला गृहस्थ, नऊवारीतली बाई आणि एक तरणा पोरगा.

"मी कारभारी," टोपीवाला म्हणाला. "ही शकुबाई, हा बारकू."

आता बँकेत बायकांनाही नोकऱ्या लागतात हे पुंजाराम ऐकून होता. नऊवारीतली अधिकारी मात्र त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"घरी बसून बोलू ना," कारभारी म्हणाला.

"नाही. आधी जागेवर चला."

त्याने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पाण्यामागे चहा येतो, चहामागे लाच, असा त्याचा हिशेब होता. (पुढे महिनाभर मालनबाई फक्त या पाण्यावर बोलत होती.)

प्लॉटवर लता पदर खोचून पाणी मारत होती. पाहुणे तिच्याकडे बघायला लागले. पुंजारामने ओळख करून दिली नाही. बँकेच्या माणसांना तिचं काय काम?

"बघा नीट," तो म्हणाला. "मी काही लपवणार नाही."

"ते बरं," शकुबाई म्हणाली. "दोष असला तर आत्ताच सांगा भाऊ. मागून कटकट नको."

"दोष आहे. पावसाळ्यात पाझरते."

शकुबाईने कारभारीकडे पाहिलं. "मग, औषधपाणी?"

"दोनदा प्लास्टर केलं."

"अगं बाई! कुठं?"

"मागच्या अंगाला. गेल्या साली एका बाजूला कलली होती, तेव्हा टेकू दिला. आता सरळ उभी आहे."

शकुबाईने पदर तोंडाला लावला. बारकू मात्र एकटक बघत होता. त्याला काही कललेलं दिसत नव्हतं.

कारभारी खाकरला. "बरं, देण्याघेण्याचं कसं?"

"सरळ आहे. तुम्ही द्यायचं, मी घ्यायचं."

"आम्ही द्यायचं?"

"मग काय मी देऊ? तीस हजार. एकदम नको, तीन टप्प्यांत द्या. पंधरा वर्षांत व्याजासकट परत करीन."

कारभारीने टोपी काढून घाम पुसला. "आमच्यात अशी पद्धत नाय."

पुंजाराम तापला. "पद्धत नाही? मग बँक काढलीच कशाला?"

"कसली बँक? माझी मळ्यात कोबी हाय!"

"मग इथं काय बघायला आलात?"

"तुमची पोरगी! झुंबरनं धाडलंय आम्हाला!"

बादली दाणकन खाली पडली. ती लताच्या हातची होती. पुंजारामच्या हातात काही नव्हतं, म्हणून त्याचं फक्त तोंड उघडं राहिलं.

शकुबाई तरातरा लताकडे गेली. तिची पाठ चाचपली. "प्लास्टर कुठंय गं तुझं?"

"प्लास्टर भिंतीला आहे, मावशी."

"आणि पाझरती कोण?"

"तीच. भिंतच."

शकुबाई जी हसायला लागली, ती हसता हसता विटांवरच बसली. तोवर बारकूने बादली उचलून हौदातून भरून आणली होती.

मग सगळे घरी गेले. चहा झाला, पोहे झाले. झुंबरला स्थळ बघायला आपणच सांगितलं होतं, हे मालनबाईने पोहे वाढता वाढता कबूल केलं. पुंजाराम रागावणार होता, पण त्या दिवशी त्याला ते शोभलं नसतं. मुलगी पसंत पडली.

"माणूस खरा हाय," निघताना कारभारी म्हणाला. "पोरगी कामाची हाय. आमची एकच अट."

"बोला."

"पुढची बोलणी तुमच्याशी नको. मधे कुणी तरी माणूस घाला."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम लिंबाखाली गेला. पान्याने न सुटणारे दोन नट आता त्याच्यापुढे होते.

"लग्नाचं तू बघ," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि कर्जाचंही. किती घेतोस?"

झुंबरने सगळं ऐकलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही घरी थांबणार असाल तर दोन टक्के. बरोबर येणार असाल तर पाच."

पुंजाराम घरी थांबला.