कौतुकाची धास्ती

आमच्या कामणच्या गोदामात कौतुक ऐकलं की माणसं घाबरतात. "दशरथ, कालचा टेम्पो काय सुरेख भरलास," असं जनूभाऊ म्हणाले रे म्हणाले की दशरथ हातातलं खोकं खाली ठेवतो आणि विचारतो, "साहेब, काय फुटलं?"

याला कारण जनूभाऊंचं शिक्षण. जनार्दन पाटील हे आमचे डिस्पॅच इन्चार्ज, मूळचे नायगावच्या खाडीकाठचे भातशेतीवाले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांच्या डोक्यात घरबसल्या एमबीए करायचं शिरलं. ते पुरेना म्हणून दर रविवारी वसईच्या एका हॉलमधली नेतृत्वविकासाची शिबिरं. तिथे कुणीतरी त्यांना शिकवलं की माणसाला चूक सांगायची तर आधी कौतुक करावं, मग चूक सांगावी, शेवटी पुन्हा कौतुक करावं. याला म्हणे फीडबॅक सँडविच म्हणतात. आमचे लोडर मिरचीपाव म्हणतात. वरच्या पावाखाली मिरची असणार हे ठरलेलं, त्यामुळे पावसुद्धा कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

प्रत्येक शिबिरात गळ्यात घातलेलं ओळखपत्र ते स्कूटरच्या आरशाला बांधतात. आता आरशात मागचं काहीही दिसत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "लीडरनं पुढे बघायचं असतं."

एकदा टीममधला विश्वास वाढवायचा म्हणून त्यांनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. दशरथने डोळे मिटले आणि नेमका भिवंडीचा टेम्पो गेटातून आत आला. टेम्पो आला की धावायचं, ही आमच्या लोकांची वीस वर्षांची सवय. झेलणारे सगळे माल उतरवायला पळाले आणि दशरथ फरशीवर आडवा झाला. जनूभाऊ त्याच्यापाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "पडलास मात्र छान."

आता मिरची काय येतेय म्हणून दशरथ उठायलाच तयार होईना.

मीही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही. मागच्या वर्षी माझा पाय मोडला, तेव्हा दीड महिना ते मला स्कूटरवर बसवून कामावर आणत आणि घरी सोडत. वाटभर 'एम्पथी' या विषयावर व्याख्यान. प्लास्टरमधला पाय घेऊन चालत्या स्कूटरवरून उडी मारता येत नाही, म्हणून मी ऐकलं. यांना हक्काचा श्रोता मिळाला, एवढाच अर्थ मी त्या उपकाराचा लावला होता. घरी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवायचो.

गेल्या महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ते माझ्या गेटवरच्या केबिनमध्ये आले. एमबीएचा शेवटचा प्रकल्प होता. त्यांच्या नेतृत्वाबद्दल सहा जणांनी फॉर्म भरायचे होते, साहेबांपैकी दोघांनी, हाताखालच्या तिघांनी आणि एका घरच्या माणसाने. एक फॉर्म जरी कमी पडला तरी डिग्री नाही. पाच मिळाले होते.

"हा तू भर," ते म्हणाले.

"मी घरचा कुठे, जनूभाऊ?"

"आई असती तर तिचा अंगठा घेतला असता." ते माझ्याकडे न बघता टेबलावरचा गेटपासचा गठ्ठा नीट करत होते. "आता कोनाला सांगू?"

एरवी गोदामात ते गावची बोली तोंडातून निसटू देत नाहीत. आई गेल्या पावसाळ्यात गेली. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. शिबिरातून परतल्यावर हा माणूस कुणाशी बोलत असेल, हे मात्र तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

नात्याच्या रकान्यापाशी मी थांबलो. "भाऊ लिहू?"

"लिही."

पुढचा प्रश्न होता, या व्यक्तीच्या नेतृत्वाचा तुम्हाला आलेला एक अनुभव. त्यासाठी चार ओळी. विनोद माझ्याकडे तीन वर्षांचे साठले होते, पण एकही कागदावर उतरेना. मी लिहिलं, 'पाय मोडला होता तेव्हा हे रोज सकाळी नायगावहून विरारला यायचे, मला हात धरून तीन मजले उतरवायचे आणि तिथून कामणला आणायचे. दीड महिन्यात एक दिवस चुकले नाहीत.' नायगावहून कामण जवळ, विरार उलट्या दिशेला; लिहिताना पहिल्यांदा तो उलटा फेरा माझ्या लक्षात आला आणि माझीच मला लाज वाटली.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. कागद उलटून मागे पाहिलं.

"मधलं कुठाय?"

"मधलं काय?"

"मिरची."

हे नाव त्यांना माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मिरची नाही, जनूभाऊ. एवढंच आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. काय फुटलं ते ऐकायला दशरथ उभा राहतो, तसे ते कागद हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. मी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणालो, "बसा. चहा सांगतो."