साहेबांचा शिधा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आगाशे काका फ्लॉवर भिंगाखाली धरून निवडत. एकेक तुरा उजेडात फिरवायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, की पुन्हा भिंग. एवढं करून एखादी अळी सापडलीच, तर फ्लॉवर तर जायचाच, तो ज्या पिशवीतून आला ती पिशवीही कचऱ्यात. काका आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, कंट्रोल काही सुटला नाही. सोसायटीचा सेक्रेटरी असो की माझ्या हातचं सांबार, शेरा एकच: "रिजेक्ट." तोही मान वर न करता. 'अळी' हा शब्द मात्र ते तोंडातून काढत नसत. 'ते' म्हणायचे.

अशा माणसाच्या नशिबी हेजहॉग यावा! हेजहॉग म्हणजे मुठीएवढा, अंगभर काटे असलेला, जरा चाहूल लागली की चेंडू होऊन बसणारा प्राणी. काकांचा मुलगा मिहीर हडपसरला आयटीत होता, राहायलाही तिकडेच, त्याने तो हौसेने आणला. वर्षभरात कंपनीने मिहीरला अमेरिकेला पाठवलं आणि हेजहॉग बापाच्या गळ्यात पडला. मिहीरने त्याचं नाव पिक्सेल ठेवलं होतं. काका त्याला 'साहेब' म्हणत. दिवसभर झोपायचं आणि जेवण वेळेवर मागायचं, मग दुसरं काय म्हणणार?

आणि साहेबांना जेवायला लागायच्या जिवंत अळ्या.

"अहो काका, देऊन टाका की कुणाला तरी," मी म्हणाले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात हे एकटे, त्यात ही ब्याद कशाला?

काका म्हणाले, "मिहीर लहान असताना दप्तरात घालून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला होता. मी म्हटलं, रिजेक्ट. निमूटपणे परत सोडून आला. रडलासुद्धा नाही. रडायला हवं होतं हो त्याने. मी ठेवून घेतलं असतं."

मी पायात चपला अडकवल्या आणि त्यांच्याबरोबर शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

"ते द्या," काका दुकानदाराला म्हणाले.

"ते म्हणजे?"

"ते हो. वळवळतं ते."

त्याने गप्पी मासे दाखवले. शेवटी मीच म्हणाले, "अळ्या हव्यात त्यांना." काका ताबडतोब पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. पण हाडात मुरलेली सवय जाते कुठे? तिकडे तोंड करूनच विचारलं, "ताज्या आहेत ना?"

"काका, जिवंत आहेत. याहून ताज्या कुठून आणू?"

येताना रिक्षात डबा अर्थातच माझ्या मांडीवर.

अळ्या गव्हाच्या कोंड्यात ठेवा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. चार-पाच दिवसांनी काका माझ्या दारात उभे, चेहरा पडलेला. "सगळे गेले," म्हणाले. जाऊन बघते तर कोंडा चाळलेला, उन्हात खडखडीत वाळवलेला, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरलेला, आणि वर कडुलिंबाच्या पाल्याचा जाड थर.

"हा पाला कशाला घातलात?"

"अहो, धान्याला कीड लागू नये म्हणून..." म्हणाले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "साहेब उपाशी राहिले तर रविवारी मिहीरला काय दाखवू?" एवढं बोलले आणि पिशवी घेऊन एकटेच दुकानात गेले.

तेव्हा कुठे मला कळलं. दर रविवारी सकाळी मिहीरचा व्हिडिओ फोन यायचा, तो पिक्सेलला बघायला. काका साहेबांना टॉवेलमध्ये धरायचे, चिमट्याने भरवायचे, आपण डोळे मिटून घ्यायचे. तिकडे मिहीर हसायचा. साहेब किती जेवले, किती झोपले, यावर बापलेक बोलत. साहेब काकांकडे येण्याआधी त्यांचा फोन म्हणजे "पैसे मिळाले" आणि "बरं" यापलीकडे जात नसे.

पुढे साहेब गेले. झोपेतच. वय झालं होतं. काकांनी सोसायटीच्या बागेत खड्डा खणला आणि मला बजावलं, "मिहीरला सांगायचं नाही. दुसरा आणू. सगळे सारखेच दिसतात. तो काय, दहा मिनिटं तर बघतो."

"अहो, सांगून टाका त्याला."

"सांगितलं तर पुढच्या रविवारी फोन कशाला करेल तो?"

दुकानदाराने नव्या हेजहॉगसाठी दोन महिने थांबा म्हणून सांगितलं. त्या रविवारी मी इडल्या द्यायला गेले तर काकांनी साहेबांच्या रिकाम्या पेटीवर नॅपकिन टाकून ठेवला होता. फोन वाजला.

"बाबा, पिक्सेल कुठाय?"

"झोपलाय रे. उठवू का?" काकांनी फोन पेटीवरच्या नॅपकिनकडे वळवला.

"नको, झोपू दे. तुम्ही कसे आहात?"

काका माझ्याकडे बघायला लागले. साहेबांचं वजन विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं.

"मी काय, मजेत. चल, ठेवतो. तुझं नेट संपेल."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. इडल्या गार झाल्या तरी हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. मग म्हणाले, "वैशालीताई, त्याने मला विचारलं. पहिल्यांदाच. आणि मी नेटचं कारण सांगून फोन ठेवला."

"मग आता तुम्ही लावा."

त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला, मिहीरचं नाव शोधलं आणि तिथेच थांबले.

"पहिलं वाक्य तेवढं सांगा हो," काका म्हणाले. "पुढचं मी बोलेन."