अंधारा जिना, तिसरा मजला

वगीहच्या खेळाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी चार ओळी लिहिल्या, आणि त्याच दिवशी त्याच्यावर घर सोडायची पाळी आली.

खेळाचं नाव ‘अंधारा जिना’. ब्राउझर उघडायचा, हेडफोन लावायचे, की पडदा काळा. वीज गेलेली, दिसत काहीच नाही. नुसत्या कानांच्या भरवशावर सहाव्या मजल्यावरच्या घरी पोचायचं. नोकरी सोडून दोन वर्षं वगीहने एकट्याने हे बनवलं होतं. जिना त्याच्याच इमारतीचा, अलेक्झांड्रियात ट्रामच्या रस्त्यामागचा. आवाज खराखुरा घुमायला हवा म्हणून महिनाभर त्याने जिन्यात रेकॉर्डर टांगून ठेवला होता. आजवर अकरा वेळा खेळ खेळला गेला होता. त्यातल्या चार वेळा खुद्द वगीहच.

परीक्षण लिहिणारी बाई कैरोची. तिने दोष अगदी मन लावून काढले होते. सूचना कुठेच नाहीत. हेडफोन उलटे लागले तर माणूस घरी जायचा तो रस्त्यावर येतो. पाचव्या मजल्यावर ठेच लागली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. गुण मात्र एकच: ‘तिसऱ्या मजल्यावर दाराआड एक बाई फोनवर सुनेच्या मुलुखियाच्या पातळ भाजीला भांडी विसळलेलं पाणी म्हणते. ते इतकं खरं वाटलं, की मी घरी जायचं विसरून तिथेच उभी राहिले.’

तिसऱ्या मजल्यावर इनायत हानिम, म्हणजे इनायतबाई, राहायच्या. त्यांची सून नर्मीन चौथ्यावर.

परीक्षण घरोघर फिरलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी इमारत हेडफोन लावून बसली. सूचनांवाचून कुणाचं अडलं नाही. जिना रोजच्या पायाखालचा. पण घरी कुणीच पोचेना. जो तो तिसऱ्यावर थांबायचा, ऐकायचा आणि पुन्हा खाली जाऊन वर यायचा. खेळणाऱ्यांचा आकडा शंभरावर गेलेला वगीह भरल्या डोळ्यांनी बघत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली.

घरमालक हाजी रमझी आत शिरले. मागे इनायत हानिम, त्यांच्या मागे नर्मीन.

“बायामाणसांचं बोलणं चोरून भरतोस?” हाजी गरजले. “उद्याच्या उद्या जागा खाली कर!”

“हाजीसाहेब, मला फक्त जिना हवा होता हो. बोलणं आपसूक आलं त्यात.”

“मग काढून का नाही टाकलंस?”

अख्ख्या खेळात तेवढी एकच जागा जिवंत आहे, हे वगीह कुठल्या तोंडाने सांगणार?

“तो माझा आवाजच नाही मुळी,” इनायत हानिम एकदम म्हणाल्या. “माझ्या लेकीसारख्या सुनेबद्दल मी असं बोलेन? यानेच काढलाय. बायकी आवाज काढतो मेला!”

सगळे वगीहकडे बघू लागले. दोन वर्षांची मेहनत, पदरात पडलेला एकुलता एक गुण, आणि तोही आता स्वतःच खोटा ठरवायचा. पण डोक्यावर छप्पर तर हवं.

“हो,” तो पुटपुटला. “मीच काढला.”

“अरे मग आधीच नाही का बोलायचं!” हाजींचा आवाज खाली आला. “नकला करतोस होय? कर की मग.”

“आमच्यासमोर करून दाखवा ना,” नर्मीन म्हणाली.

वगीहने भिंतीकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि डोळे मिटले. “नर्मीनची मुलुखिया म्हणजे भांडी विसळलेलं पाणी!” आवाज वर चढला, फाटला आणि शेवटच्या शब्दावर चक्क बसला.

हाजींच्या भुवया वर गेल्या. “हानिम, तुमचा आवाज म्हणून लोक फसले तो हा?”

इनायत हानिमनी तरुणपणी वीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. त्यांचा चेहरा बिटासारखा झाला.

“अगदी,” त्या दात आवळून म्हणाल्या, “अगदी हुबेहूब माझाच.”

नर्मीनने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

“पुन्हा एकदा,” ती वगीहला म्हणाली. “आणि जरा मोठ्याने. आईंना कमी ऐकू येतं.”