नत्थूजींचा जुना कागद

"खर्च सांग पयले." कोणत्याही कामाला नत्थूजींची सुरुवात ह्याच वाक्यानं व्हायची. सेवाग्रामच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवायला गेले, तर डॉक्टर खुर्चीत नीट बसायच्या आत यांचं सुरू, "खर्च सांगा पयले." डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचं करावं लागेल, एक झाला की दुसरा. नत्थूजींनी टोपी मागं सारली. "सध्या एकच करा. ढेप तोलाले एका डोळ्यानं भागते." मी सोबत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डॉक्टर मात्र मनापासून हसले.

सिंदी रेल्वे ह्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान पुढं, राहतं घर मागं, दोन्ही स्वतःच्या कमाईचं. मी अर्जनवीस. सेलूला रजिस्ट्री कचेरीसमोर टाइपरायटर मांडून लोकांची खरेदीखतं, मृत्युपत्रं, अर्ज लिहून देणारा. नत्थूजी मला 'बाबू' म्हणत आणि माझा धंदा म्हणजे दिवसाढवळ्या लूट आहे, असं तोंडावर सांगत. "कागद सरकारचा, शाई बाजारातली, गोष्ट त्या मानसाची सोताची. तुह्यं काय हाय बे त्याच्यात?"

घरात माणसं तीन. नत्थूजी, त्यांची बायको अनसूयाबाई आणि धाकट्या भावाची विधवा वच्छलाबाई. भाऊ ऐन तिशीत गेला. मूलबाळ ना त्याला, ना ह्यांना. आता आमच्याकडं बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. तो समोर आला की पदर ओढून दाराआड व्हायचं. नव्वद सालानंतर हे सगळं सुटत चाललं होतं, पण त्या घरात काही सुटलं नाही. अनसूयाबाई मध्ये होत्या तोवर अडत नव्हतं. "वच्छले, हे म्हनतात भाजी खारट झाली." "बाई, त्याहिले सांगा, मिठाचा भाव उतरला म्हून दोन पुडे त्याहिनंच आनले." दोघं तीन हातांवर बसलेली आणि निरोप्या अनसूयाबाई. त्या बाईचा अर्धा जन्म ह्यातच गेला.

मग एका उन्हाळ्यात अनसूयाबाई चार दिवसांच्या तापानं गेल्या आणि पंचाईत झाली. मधलं माणूसच उरलं नाही. नत्थूजी भिंतीशी बोलायला लागले. भिंत आमची सामाईक, त्यामुळे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू यायचा. "कोनी ऐकत असन तं, आज मी उशिरा येतो जेवाले." आतून भांडं एकदा वाजलं की समजलं. दोनदा वाजलं की राग आला. एकदा त्यांनी तुरीच्या डाळीच्या भाववाढीवर भिंतीला लांबलचक भाषण दिलं, तेव्हा आत परात आपटली. आम्ही नवरा-बायको पोट धरधरून हसलो.

पण हसण्यावारी न्यावी अशी ती गोष्ट नव्हती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? नत्थूजींनी फार वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं होतं. माझ्यामागं सगळं बायकोला. आता बायकोच आधी गेली, तेव्हा तो कागद कोणाच्याच कामाचा राहिला नाही. उद्या नत्थूजींचं काही झालं असतं, तर घर-दुकान कायद्यानं जाणार त्यांच्या आष्टीच्या बहिणीकडं. वच्छलाबाईंना त्यात एक खोलीही नव्हती, आणि माहेरी तर कोणीच उरलं नव्हतं. नत्थूजी नवं मृत्युपत्र करतील तरच ती बाई त्या घरात मरेपर्यंत राहणार होती.

हे त्यांनाही कळत होतं. अनसूयाबाईंना जाऊन महिना झाला असेल, बाजाराच्या दिवशी स्वारी सेलूला माझ्या टेबलासमोर हजर. "बाबू, मृत्युपत्र बदलाचा खर्च सांग पयले. घरातल्या बाईच्या नावानं कराचं हाय." मी सांगितला. माझी लिखाई, कचेरीची फी, दोन साक्षीदारांचा चहा. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, मी घाईत होतो. आणखी काय काय बोललो असेन, देव जाणे. नत्थूजी उठले. "पाह्यतो," म्हणाले आणि गेले.

ते 'पाह्यतो' तीन वर्षं चाललं. दर दोन-चार महिन्यांनी मला गाठायचं आणि विचारायचं, "मृत्युपत्र बदलाचा खर्च काय पडते?" मी तोच आकडा सांगायचा. "आनखी काई नाई लागत?" "नाही." "पक्कं?" "अहो, पक्कं!" तरी मान हलवत निघून जायचे. माझं डोकं फिरायचं. जन्मभर पैशाला पैसा जोडला, आता एका बाईच्या डोक्यावर छप्पर ठेवायला ह्या माणसाच्या हातून चार नोटा सुटेनात! मी घरी बायकोला म्हणायचो, असा चिक्कू माणूस सिंदीत झाला नाही आणि होणार नाही.

मग आष्टीचे भाचे आले. दोघंही चांगले दांडगे, बुशशर्टवाले. नत्थूजी नागपूरला मालाला गेले होते, तेवढ्यात भाच्यांनी खिशातून टेप काढला आणि दुकानाचा दर्शनी भाग मोजून घेतला. "इथं शटर बसवू. कृषी केंद्र टाकू." वच्छलाबाईंनी चहा नेऊन ठेवला, तर धाकटा गोड आवाजात विचारतो, "मामी, तुमचं माहेर कोनतं वो?"

दुसऱ्या दिवशी मला ताप होता म्हणून घरीच पडलो होतो. वच्छलाबाई आमच्याकडं विरजण मागायला आल्या. रडल्या नाहीत. वाटी हातात धरून माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "बाई, सेवाग्रामकडं म्हाताऱ्या बायाले कुठी ठेवून घेतात का वो? मले सैपाक येते. मी बसून नाई खानार."

मी अंथरुणातून उठलो आणि तसाच दुकानात गेलो. नत्थूजी सरकी तोलत होते. मी म्हणालो, "नत्थूजी, एक पैसा देऊ नका. लिखाई माझी फुकट, फी माझ्या खिशातून, साक्षीदार मी आणतो. उद्या चला."

वाटलं, म्हातारा उडी मारून उठेल. त्यांनी तराजू खाली ठेवला. "नाई जमत, बाबू."

"अहो, फुकटातही नाही?"

"फुकटात काऊन म्हन्तं? खर्च हायेच ना."

मग मात्र मी सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, त्या बाईनं तीस वर्षं तुम्हाला गरम भाकर वाढली, आणि तुम्ही तिला रस्त्यावर काढता? लाज वाटत नाही? वर जाताना गल्ला सोबत नेणार आहात काय? नत्थूजींनी गल्ल्यामागची पत्र्याची पेटी उघडली, बियाण्याची एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडी केलेला कागद माझ्यापुढं धरला.

वहीचं पान होतं ते, रेघारेघांचं. मोठमोठं, गोलगोल अक्षर, पहिल्यांदाच पत्र लिहिणाऱ्या पोरीसारखं. ओळी उजवीकडं उतरत गेलेल्या. खाली नत्थूजींची सही आणि दोन साक्षीदारांच्या.

"तुह्या आंधी जो बाबू बसे, त्यानं लिखाईचे पैशे लय सांगतले. मी म्हनलं, घरी चौथी शिकलेली बायको हाय, कायले देऊ? तिले बसवलं. मी सांगत गेलो, ते लिहत गेली. 'माह्या मांगं' म्हनलं, तं लिहेच ना. म्हने, असं अभद्र मी नाई लिहत. दोन घंटे कागद धरून बसली. मंग लिहलं. इथं पाह्य, हात कापला तिचा."

त्यांनी बोट ठेवलं. तेवढे दोन शब्द वाकडे होते.

"तिचा फोटू नाई माह्यापाशी. मीच काढू देल्ला नाई, खर्च होते म्हून. घरात तिच्या हातचं एवढंच हाय. आन् तूच म्हन्ला होता, जुना कागद आनजा, त्याच्यावर आडवी रेघ मारू, रद्द लिहू, इथंच जमा करून टाकू. तं कसा देऊ, सांग?"

मला ते बोलल्याचं आठवतही नव्हतं. गिऱ्हाइकांना सवयीनं सांगायचो मी तसं, दोन कागदांचा घोळ नको म्हणून. कायद्याला त्याची काही गरज नाही. मी पोत्यावर बसलो. म्हटलं, "नत्थूजी, जमा करावा लागत नाही. रेघही मारावी लागत नाही. नव्या कागदात लिहायचं, आधीचा रद्द समजावा, झालं. हा तुमच्यापाशीच राहतो."

"काऊन? नवं राशन कार्ड भेटलं तं जुनं घेऊन घेतात ना कचेरीत."

"ते रेशन कार्ड झालं. मृत्युपत्राचं तसं नाही."

"म्हंजे नुसते पैशेच लागत होते?"

"हो."

"आन् मी हरखेपी पुसलं, आनखी काई लागते का, तं तू नाई म्हने. मले वाटे, हे रेघ मारनं बाबूच्या हिशेबी खर्चच नोहे."

ते खाली बसले आणि रडले. मोठ्यानं, दुकानाचं दार उघडं असताना. "तीन साल, बाबू. तीन साल त्या बाईले टांगून ठेवलं मी."

मी म्हणालो, चूक माझी आहे. माझीच होती. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. पण नत्थूजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.

"उद्या जाऊ ना," मी म्हटलं. "साक्षीदार बघावे लागतील. मला तापही आहे."

"उद्या कायले? आज रातीच मेलो मी, तं ते बाई कुठी जाईन?"

आम्ही वाटेत दोन ओळखीच्या माणसांना साक्षीसाठी हातातल्या कामावरून उठवलं आणि चौघं सेलूची गाडी गाठायला स्टँडकडं पळत सुटलो.