बकुळाताईंच्या दारातले बूट

"माणूस खोटं बोलतोय हे मला त्याच्या पावलांवरून कळतं!" असं अप्पा फणसवाडीत कुणालाही सांगत, न विचारता.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांचा रतीबच लावला होता. दुपारचं जेवण झालं की खिडकीवर चादर, घरात अंधार आणि टीव्हीवर टोप्या, धूर, पिस्तुलं. शेजारच्या खुर्चीत पत्नी नलूताई. दहाव्या मिनिटाला अप्पा बोट रोखून जाहीर करत, "हा खुनी!" आणि तो असायचाच. का नसेल? प्रत्येक सिनेमा अप्पांनी आधी तीनतीनदा पाहिलेला!

दोन आठवड्यांपासून मात्र नलूताई नेमक्या त्याच वेळी भजनाला जायला लागल्या.

"रोज भजन?"

"अधिक महिना आहे ना!"

आणि आज अप्पांची नजर खुंटीवर गेली. झांजा तिथेच लटकत होत्या! खरं सांगायचं तर शेजारची रिकामी खुर्ची त्यांना रोजच खुपत होती. ऐकायला कुणी नसताना खुनी ओळखण्यात राम नव्हता. आता तर नलू खोटं बोलत होती.

त्यांनी रेनकोट चढवला, टोपी ओढली, ऑफिसचे काळे बूट घातले आणि पाठलागाला निघाले. मे महिन्यात, भर दुपारी!

खाली इस्त्री करणारा गुणाजी ओरडला, "अप्पानू, पाऊस खंय?"

"हळू बोल! गुपचूप चाललोय."

"वहिनींच्या मागे? त्या समोरच्या चाळीत गेल्या, बकुळाताईंकडे. रोज जातत!"

सगळ्या वाडीला जे ठाऊक होतं ते एकट्या हेराला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर बकुळाताईंचं दार बंद होतं. चाळीत दिवसाढवळ्या दार बंद! बाहेर नलूताईंच्या चपला, आणि त्यांच्या शेजारी चकचकीत पॉलिश केलेले काळे पुरुषी बूट! बकुळाताईंचे यजमान जाऊन तर सहा वर्षं झालेली. अप्पांनी दाराला कान लावला.

आतून ओळखीचं संगीत आलं. अरे, हा तर लग्नाआधी एकट्यानं तीनदा पाहिलेला आपला आवडता सिनेमा! मग नलूताईंचा आवाज, अगदी खुशीतला: "बकुळा, मला वाटतं भाऊच खुनी."

चूक! धडधडीत चूक! अप्पांना राहवलं नाही. "भाऊ नव्हे, वकील!" ते दाराबाहेरून ओरडले. "शेवटी मोटारीत सापडतो!"

आतलं संगीत थांबलं. दार उघडलं. नलूताईंनी रेनकोट खालपासून वरपर्यंत पाहिला.

"इथेही आलात? अहो, चार वर्षांत एका सिनेमाचा शेवट मला माझा मिळाला नाही! म्हणून खोटं बोलले."

"आणि हे... बूट?"

"ह्यांचे," बकुळाताई म्हणाल्या. "घरात पुरुष आहे असं वाटलं की फिरते विक्रेते बेल दाबत नाहीत. आणि रविवारी पॉलिश करायला मला बरं वाटतं."

अप्पांनी टोपी काढली. त्यांना फार लाज वाटली.

"पण खुनी कोण, तेच तर बघायचं असतं ना?" ते पुटपुटले.

"त्यात काय आहे?" नलूताई म्हणाल्या. "सिनेमातला नायक चांगला शहाणा माणूस असतो. पुढे खड्डा आहे हे त्याला दिसत असतं, तरी जातो. का जातो, ते बघायचं असतं. ते तुम्ही कधी बघूच दिलं नाहीत."

रेनकोटाच्या आत निथळणाऱ्या अप्पांना हे एकदम पटलं. आपलं हसं होणार हे त्यांना जिन्यातच कळलं होतं, तरी ते चढले होते.

"बसू का?"

"तोंड मिटून?"

"मिटून."

अप्पांनी दारात बूट काढले. मग बकुळाताईंनी त्यांनी कधीच न पाहिलेला सिनेमा लावला. दहाव्या मिनिटाला त्यांना खुनी सापडला. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. बरं झालं! कारण खुनी भलताच निघाला. पण त्याआधी त्या बिचाऱ्या नायकासाठी त्यांचा जीव दोनदा कळवळला, आणि शेवटी नलूताईंचा हात त्यांच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, ते मात्र ठाऊक नाही.

परतताना नलूताईंनी विचारलं, "तुम्हाला कोण वाटला होता?"

"अर्थात तोच! मी ओळखलंच होतं."

नलूताई थांबल्या आणि त्यांच्या पावलांकडे बघून हसायलाच लागल्या. अप्पांच्या एका पायात स्वतःचा धुळकट बूट होता आणि दुसऱ्यात चकचकीत पॉलिश केलेला!

"चला मागे," त्या म्हणाल्या. "बकुळाचा पुरुष पळवून चाललात!"